उंबरा, चूल आणि वाटणी : जुन्या खानेसुमारींतील ‘घरा’ची परीक्षा

एकत्र कुटुंबासंबंधींच्या चर्चेंत एक आंकडा वारंवार पुढें येतो. इ. स. १९११ सालीं हिंदुस्थानांत दर घरीं सरासरीनें ४.९ माणसें होतीं, असें त्या वर्षाच्या खानेसुमारीच्या अहवालांत नमूद आहे. हा आंकडा घेऊन कोणी म्हणतात कीं, एकत्र कुटुंब ही धर्मशास्त्राच्या पोथींतली वस्तु होती, लोकांत ती फारशी नव्हती. दुसरे कोणी त्याच्या शेजारीं १८८१ सालचा ५.८ हा आंकडा ठेवून म्हणतात कीं, एकत्र कुटुंब होतें खरें; पण तीस वर्षांत तें मोडत चाललें. साक्षीदार एकच आणि त्याच्या जबानीवरून निघणारे निष्कर्ष दोन, तेही परस्परविरुद्ध. अशा वेळीं निष्कर्षांचा निवाडा करण्यापूर्वीं साक्षीदाराची उलटतपासणी करावी, हा संशोधकाचा शिरस्ता आहे. बखरींतील तिथि पंचांगाशीं ताडून पाहिल्यावांचून आपण स्वीकारीत नाहीं. मग सरकारी कोष्टकांतील आंकडा केवळ छापील आहे एवढ्यावरून कां स्वीकारावा? प्रस्तुत लेखांत १८७२ ते १९५१ पर्यंतच्या खानेसुमाऱ्यांनीं ‘घर’ म्हणून नेमकें काय नोंदलें, याची परीक्षा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दाकडे पाहूं. ‘खानेसुमारी’ हा शब्द फारशी आहे. ‘खाना’ म्हणजे घर आणि ‘शुमार’ म्हणजे गणती. म्हणजे ज्या क्रियेला आज आपण जनगणना म्हणतों, तिचें आमच्या भाषेंतील जुनें नांव घरांच्या गणतीवरून पडलें आहे, माणसांच्या नव्हे. माणसांच्या गणतीला ‘शिरगणती’ हा वेगळा शब्द होता. हा भेद केवळ शाब्दिक नाहीं. मराठेशाहींतील दफ्तरांत ज्या खानेसुमारीच्या यादी आढळतात, त्या पट्टी बसविण्यासारख्या सरकारी कामासाठीं केलेल्या असत. आणि पट्टी घरावर बसते, म्हणून त्या यादींत घर हें घरधन्याच्या नांवानें उभें राहतें. इंग्रजी अमलांतील गणतीला उलट प्रत्येक माणूस हवा होता; घर हें त्या माणसापर्यंत पोहोंचण्याची केवळ वाट. तथापि लोकांनीं नव्या गणतीला जुनेंच नांव दिलें, आणि नांव जुनें राहिल्यामुळें आंतील वस्तूही जुनीच आहे असा समज राहून गेला.

घरावरून माणूस मोजण्याची कल्पना आमच्याकडे फार जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांतील पस्तिसाव्या अध्यायांत पांच किंवा दहा गांवांवर नेमलेल्या ‘गोप’ नामक अधिकाऱ्याचीं कामें सांगितलीं आहेत. त्यानें करदायी आणि अकरद अशीं घरें मोजावींत; त्यांत चारी वर्णांचे किती, कर्षक, गोरक्षक, व्यापारी, कारू, कर्मकर आणि दास किती, द्विपाद आणि चतुष्पाद किती, हें लिहावें; आणि प्रत्येक कुळांतील स्त्रीपुरुष, बालवृद्ध, त्यांचें कर्म, आय आणि व्यय यांचें ज्ञान ठेवावें, असा तो विधि आहे. नगरांतील गोपाकडे दहा, वीस किंवा चाळीस कुळें सोंपवावींत, असें पुढील अध्यायांत म्हटलें आहे. येथें ‘गृह’ आणि ‘कुल’ हे दोन शब्द वेगवेगळे योजले आहेत, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. भिंती मोजणें एक आणि भिंतींच्या आंतील नात्यांचा समूह मोजणें दुसरें, ही जाण त्या ग्रंथकाराला होती. पुढें ज्या गोंधळाचें आम्ही विवरण करणार आहों, त्याचें मूळ हा भेद पुसला जाण्यांत आहे.

आमच्या खेडेगांवांतील बोलींत हा भेद अधिकच स्पष्ट आहे. गांव केवढें असें विचारलें असतां ‘शंभर उंबऱ्यांचें’ असें उत्तर मिळतें. भाऊ वेगळे झाले का, असें विचारलें तर ‘चुली वेगळ्या झाल्या’ असें कोणी सांगतो. आणि त्यावर दुसरा लगेच पुस्ती जोडतो, ‘चुली वेगळ्या, पण वाटण्या नाहींत’. उंबरा, चूल आणि वाटणी हीं घर मोजण्याचीं तीन मापें झालीं. उंबरा बांधकामाचें माप, चूल अन्नाचें माप, वाटणी मालमत्तेचें माप. एकाच वाड्याला एक उंबरा, त्यांत दोन चुली आणि दोहोंची मालमत्ता अविभक्त, असें सहज असूं शकतें. खानेसुमारीनें यांपैकीं कोणतें माप लावलें, हाच येथें मुख्य प्रश्न आहे.

याचें उत्तर असें कीं, माप वेळोवेळीं बदललें आणि एकाच वर्षींही सर्वत्र एक नव्हतें. १८७२ च्या गणतीच्या वेळीं घराची व्याख्या बांधकामावरून केलेली होती. तंबू किंवा कच्च्या झोंपडीप्रमाणें उचलून नेतां येणार नाहीं असें, माणसें, जनावरें किंवा माल ठेवण्याच्या उपयोगाचें कायम बांधकाम, असा तिचा आशय होता. म्हणजे गोठा आणि वखारही तींत बसत. १७ फेब्रुवारी १८८१ रोजीं सर्व हिंदुस्थानाची पहिली एककालिक गणती झाली. तेव्हां आणि १८९१ सालीं एक किंवा अधिक कुटुंबांचें राहण्याचें ठिकाण, ज्याला सार्वजनिक वाटेवरून स्वतंत्र प्रवेशद्वार आहे तें घर, असें धरण्यांत आलें. हें उंबऱ्याचें माप. पुढें अनेक प्रांतांत एकत्र राहून एका स्वयंपाकावर जेवणारा समूह, त्याचे आश्रित आणि त्याचे नोकर यांचें तें घर, ही कल्पना पुढें आली. हें चुलीचें माप. १९११ सालीं दोन्ही मापें निरनिराळ्या प्रांतांत चालू होतीं. त्या गणतीचे आयुक्त गेट यांनीं व्याख्या सर्वत्र सारखी नसल्याचें आपल्या अहवालांत सांगितलें आहे. परंतु अहवाल वाचणारे थोडे आणि त्यांतील आंकडा उतरून घेणारे पुष्कळ, अशी स्थिति असल्यामुळें ती सूचना मागें पडली आणि ४.९ तेवढा पुढें चालत आला.

आतां याचा परिणाम पाहावा. एका वाड्यांत दोन भाऊ राहतात, प्रत्येकाच्या चुलीवर पांच माणसें जेवतात आणि वाड्याला दरवाजा एकच आहे, अशी कल्पना करूं. उंबऱ्याच्या मापानें तें दहा माणसांचें एक घर होतें. चुलीच्या मापानें पांच पांच माणसांचीं दोन घरें. मधल्या दहा वर्षांत वाड्यांतील एकही माणूस हललेला नसतां, केवळ व्याख्या बदलल्यानें सरासरी निम्म्यावर येते. अहवालांत १८८१, १८९१, १९०१ आणि १९११ या चार गणत्यांची दर घरची सरासरी अनुक्रमें ५.८, ५.४, ५.२ आणि ४.९ दिली आहे. ही उतरण कुटुंबें मोडल्यामुळें कितपत झाली आणि माप बदलल्यामुळें कितपत झाली, हें त्या आंकड्यांतून निवडून काढतां येत नाहीं. जो संशोधक या उतरणीवरून एकत्र कुटुंबाच्या ऱ्हासाचा इतिहास लिहितो, तो गज बदलून कापड आटलें असें म्हणतो.

दुसरा दोष याहून खोल आहे. १८८१ पासून १९४१ पर्यंतच्या कोणत्याही गणतीच्या प्रश्नपत्रकांत माणसाचें घरधन्याशीं नातें काय, हें विचारणारा रकाना नव्हता. १९०१ व १९११ च्या पत्रकांत घराचा क्रमांक, नांव, धर्म, लिंग, विवाहित कीं अविवाहित कीं विधवा-विधुर, वय, जात, मुख्य आणि जोड धंदा, जन्मस्थान, भाषा, साक्षरता, व्यंग इतकी माहिती आहे. परंतु एकाच घरांतील पंचवीस वर्षांची विवाहित स्त्री ही घरधन्याची पत्नी, सून, भावजय कीं माहेरीं आलेली मुलगी, हें त्या पत्रकांत लिहिलेलें नाहीं. स्त्रियांचीं नांवें सांगण्यास हरकत घेतल्यास केवळ ‘स्त्री’ असें लिहावें, अशीही मुभा असे. त्यामुळें नांवावरून नातें ताडण्याची वाटही पुष्कळ ठिकाणीं बंद झाली. आमच्या भाषेंत ‘कुटुंब’ या शब्दाचा जुना अर्थ बायको असाही असल्यामुळें ‘तुमचें कुटुंब केवढें?’ या साध्या प्रश्नाचें उत्तरही सरळ मिळण्याची खात्री नव्हती. नात्याचा रकाना प्रथम १९५१ च्या प्रश्नावलींत, नांवाच्याच प्रश्नाला जोडून आला. घर आणि कुटुंब या दोन वस्तु निराळ्या धरून कुटुंबाची, म्हणजे एका घरांत राहून एका स्वयंपाकावर जेवणाऱ्या समूहाची, स्वतंत्र गणती करण्याचा उपक्रमही त्याच वर्षींचा आहे. म्हणजे गोपाचा ‘गृह’ आणि ‘कुल’ हा भेद आधुनिक गणतींत पुनः प्रतिष्ठित होण्यास जवळजवळ ऐंशी वर्षें लागलीं.

कोणी म्हणेल कीं, नातें लिहिलेलें नसलें तरी संख्येवरून अनुमान करतां येईल. पांच माणसांच्या घरांत एकत्र कुटुंब कोठून असणार? १९११ च्या अहवालांत असाच युक्तिवाद आहे. पंधरा वर्षांवरील विवाहित स्त्रियांची संख्या आणि घरांची संख्या जवळजवळ सारखी भरते. अर्थात् दर जोडप्याला सरासरीनें एक घर आहे. म्हणून एकत्र कुटुंब समजतात तितकें सार्वत्रिक नाहीं, असा त्याचा मथितार्थ आहे. हा युक्तिवाद चतुर आहे. पण सरासरी ही व्याप्ति नव्हे. दहा घरांची एक वस्ती घ्या. नऊ घरांत चार चार माणसें आणि दहाव्यांत चौदा. एकूण माणसें पन्नास, सरासरी पांच. या वस्तींत मोठें घर दहांत एकच असलें, तरी शंभरांतील अठ्ठावीस माणसें त्या मोठ्या घरांत राहतात. घरांची सरासरी एक गोष्ट सांगते, माणसांचा अनुभव दुसरी सांगतो. शिवाय विधवा आई, दोन भाऊ, थोरल्याची बायको आणि तिचें मूल हें पांच माणसांचें घर शास्त्रदृष्ट्या पूर्ण एकत्र कुटुंब आहे. आणि नवरा, बायको व पांच मुलें हें सात माणसांचें घर तसें दिसत नाहीं. संख्या मोठी म्हणून घर एकत्र आणि लहान म्हणून विभक्त, हा नियम कोठेंच सिद्ध झालेला नाहीं.

त्या काळच्या मृत्यूचें मानही येथें विसरतां कामा नये. १९०१ ते १९११ या दशकांत हिंदुस्थानांतील जन्मकालीन सरासरी आयुर्मान सुमारें २३ वर्षें होतें, आणि पुढच्या, इन्फ्ल्युएंझाच्या साथीच्या दशकांत तें त्याहूनही खालीं गेलें. ज्या देशांत निम्मीं मुलें मोठीं होण्यापूर्वीं जात आणि आजोबा नातवाचें लग्न पाहण्यास क्वचितच उरे, त्या देशांत तीन पिढ्या एका पंक्तीस बसण्याचा योग इच्छा असूनही थोड्या घरांस येणार. लोकांनीं एकत्र राहण्याचा धर्म सोडला म्हणून घर लहान झालें कीं एकत्र राहण्यास माणसें उरलीं नाहींत म्हणून लहान राहिलें, हें सरासरीला ठाऊक नसतें.

तुलनेसाठीं इंग्लंडचें उदाहरण घेऊं. कारण खानेसुमारीचा सांचा तेथूनच आला. पीटर लॅस्लेट आणि त्यांचे केंब्रिज येथील सहकारी यांनीं तेथील जुन्या गांवयादी तपासून असें दाखविलें कीं, सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंत इंग्लंडांतील घराची सरासरी सुमारें पावणेपांच माणसांची होती. आमचा १९११ चा आंकडा ४.९. दोन देश, दोन धर्म, दोन दायभाग. आंकडा जवळजवळ एकच! इंग्लंडांत लग्न होतांच मुलगा सामान्यतः वेगळें घर करी, आणि घराच्या संख्येंत परक्या घरचीं चाकरीस आलेलीं तरुण मुलेंमुलीही धरलेलीं असत. आमच्याकडे सून घरांत येते. घटना भिन्न असतां सरासरी सारखी येते, यावरून सरासरीच्या पोटांत घटना दिसत नाहीं, हें सिद्ध होतें. आणि इंग्लंडांत तरी हें कशावरून कळलें? नातें लिहिलेल्या कागदांवरून. तेथेंही १८४१ च्या गणतींत नात्याचा रकाना नव्हता. १८५१ मध्यें तो आला. म्हणून तेथील संशोधक १८४१ च्या पत्रकांपाशीं अडखळतो आणि १८५१ च्या पत्रकांपाशीं मोकळा चालूं लागतो. आमच्या देशाला तो रकाना मिळण्यास आणखी शंभर वर्षें जावीं लागलीं.

आतां गणतीच्या पद्धतीकडे वळूं. रात्रीच्या गणतीपूर्वीं कांहीं आठवडे घरांवर क्रमांक घालीत आणि काळ्या शाईनें प्राथमिक नोंद करीत. नेमलेल्या रात्रीं गणक दारोदार फिरून, जे गेले किंवा वारले त्यांवर लाल शाईची रेघ मारी आणि जे नव्यानें आले त्यांना लाल शाईनें लिही. हा प्रकार १९३१ पर्यंत चालला. १९४१ मध्यें एका रात्रीचा नियम सुटला. त्या रात्रीं जो जेथें असेल तो तेथला, हा त्यांतील मुख्य नियम. याचा कुटुंबाच्या नोंदीवर काय परिणाम झाला, हें पाहण्यास कोंकणाहून चांगलें उदाहरण नाहीं. १९११ सालीं मुंबई शहरांत दर हजार पुरुषांमागें स्त्रिया सुमारें ५३० होत्या, आणि रत्नागिरी जिल्ह्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक होती. गिरणींत काम करणारा नवरा मुंबईच्या खोलींत चार गांवकऱ्यांबरोबर मोजला गेला. त्याची बायको, आई आणि मुलें रत्नागिरीकडील घरीं मोजलीं गेलीं. त्याच्या पगारांतून घरची शेती चाले, घरच्या शेतीचा तांदूळ त्याला पोहोंचे, घरावर त्याचा हिस्सा कायम होता. शास्त्रानें, कायद्यानें आणि स्वतःच्या समजुतीनें हें एकच कुटुंब. खानेसुमारीनें मात्र तें दोन ठिकाणीं लिहिलें, आणि मुंबईच्या खोलींतील पांच परके पुरुष एका क्रमांकाखालीं एकत्र ठेवले.

कायद्याचा उल्लेख आला म्हणून त्याचेंही माप सांगणें अवश्य आहे. एका पाकावर राहणाऱ्यांचें पितर, देव आणि ब्राह्मण यांचें पूजन एकत्र व्हावें आणि विभक्त झाल्यावर तें घरोघर वेगळें व्हावें, असा अभिप्राय निबंधकार बृहस्पतीच्या नांवावर देतात. म्हणजे चुलीला धर्मशास्त्रांत स्थान आहे. परंतु विभागाचें अंतिम प्रमाण चूल नव्हे. १८६६ मध्यें अप्पोव्हियर विरुद्ध रामसुब्बा अय्यन या दाव्यांत प्रिव्ही कौन्सिलनें असा निर्णय दिला कीं, हिस्से निश्चित करण्याचा करार झाला म्हणजे जमीन प्रत्यक्ष वांटली नसली तरी कुटुंब विभक्त होतें. आणि उलट केवळ जेवणखाण वेगळें झाल्यानें विभाग सिद्ध होत नाहीं, हें तत्त्वही न्यायालयांत रूढ झालें. तेव्हां अहवालांतील घर घेऊन मिताक्षरेंतील अविभक्त कुटुंबाची खरीखोटी ठरविणें म्हणजे शेराच्या मापानें जमीन मोजण्यासारखें आहे. मिताक्षरेनें सर्व लोक एका छपराखालीं राहतात असें कोठें म्हटलें नाहीं. तिनें सांगितला तो हक्काचा संबंध.

येथपर्यंतच्या विवेचनावरून आम्ही एकत्र कुटुंबाच्या बाजूनें वकिली करीत आहों, असा ग्रह होऊं नये. ज्या ठिकाणीं घरोघरची नोंद नांवानिशीं हातीं लागली, तेथें समजुतीला धक्का देणारीं उत्तरेंही मिळालीं आहेत. ए. एम्. शाह यांनीं खेडा जिल्ह्यांतील राधवणज या गांवाची १८२५ सालची घरवार नोंद तपासली; त्या काळींही लहान आणि साध्या घटनेच्या घरांचें प्रमाण मोठें होतें, असें त्यांना आढळलें. त्यांचा ग्रंथ १९७३ चा. त्यापूर्वीं हेन्री ओरेन्स्टाईन यांनीं १९६१ मध्यें १८६७ पासून १९५१ पर्यंतच्या गणत्यांचे आंकडे मांडून घराचा आकार घटत गेल्याचें दिसत नाहीं, असा निष्कर्ष काढला होता. दोघांचेंही म्हणणें ‘पूर्वीं सर्व एकत्र होते, आतां सर्व विभक्त झाले’ या लोकप्रिय कथेच्या विरुद्ध जातें. तथापि दोहोंचें वजन सारखें नाहीं. ओरेन्स्टाईन यांची मांडणी छापील सरासऱ्यांवर उभी आहे; म्हणून वर दाखविलेले सर्व दोष तिला लागू पडतात. शाह यांचा निष्कर्ष एकाच गांवापुरता असला, तरी तो घरवार कागदावर उभा आहे. म्हणून त्याचा प्रतिवाद करावयाचा तर दुसऱ्या गांवचा तसाच कागद पुढें आणावा लागेल. पुराव्याची ही तरतमता संशोधकानें सोडूं नये.

तो दुसरा कागद कोठें मिळेल, हा खरा प्रश्न आहे. सरकारी खानेसुमारींत तो मिळण्याची आशा नाहीं. गणती झाल्यावर पत्रकें रद्दींत काढण्याची वहिवाट होती. त्यापूर्वींच १९०१ पासून चिठ्ठ्यांची पद्धति सुरू झाली. प्रत्येक माणसाची माहिती एका वेगळ्या चिठ्ठीवर उतरीत. चिठ्ठीच्या रंगावरून धर्म आणि खुणेवरून लिंग व विवाहस्थिति ओळखीत. मग त्या चिठ्ठ्या खणांत वर्गवार टाकून मोजीत. कोष्टकें लवकर तयार होण्यास ही युक्ति उत्तम होती. पण बाप एका खणांत, मुलगी दुसऱ्यांत आणि विधवा बहीण तिसऱ्यांत गेल्यावर घर उरलें कोठें? पत्रकावर तरी तीं एका क्रमांकाखालीं होतीं. चिठ्ठ्यांत तीं कायमचीं विभक्त झालीं. हिंदुस्थानांतील सर्वांत मोठी वाटणी कारकुनाच्या टेबलावर झाली, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

परदेशांतही कागद जळाले आहेत. आयर्लंडांतील १८२१ ते १८५१ या चार गणत्यांचीं बहुतेक पत्रकें १९२२ मध्यें डब्लिन येथील दफ्तरखान्याबरोबर जळालीं. १८६१ पासून १८९१ पर्यंतचीं सरकारनेंच नष्ट केलीं. परंतु १९०१ आणि १९११ चीं वांचलीं. घरधन्यानें सही केलेला कुटुंबाचा तक्ता, नात्याच्या रकान्यासह, आज कोणालाही पाहतां येतो. १९११ च्या तक्त्यांत तर लग्नाला किती वर्षें झालीं, किती मुलें जिवंत जन्मलीं आणि किती हयात आहेत, हेंही आहे. इंग्लंडांत शंभर वर्षें लोटल्यावर पत्रकें खुलीं करण्याची रीत आहे. १९२१ चीं २०२२ मध्यें खुलीं झालीं. आमच्याकडे १९४८ च्या कायद्यानें गणतीच्या मूळ नोंदी पाहण्याचा हक्क कोणालाही ठेवलेला नाहीं. जिवंत माणसाची खासगी माहिती झांकली पाहिजे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु झांकून ठेवणें आणि नष्ट करणें या दोन निराळ्या क्रिया आहेत.

अशा कागदाची किंमत केवळ संशोधकांपुरती असते, असेंही नाहीं. १९५१ च्या गणतीवरून घरवार उतरून घेतलेली नागरिकांची नोंदवही आसामांत साठ वर्षांहून अधिक काळानें पुनः उघडण्यांत आली, आणि आपल्या वडिलाचें किंवा आजोबाचें नांव तींत अथवा १९७१ पर्यंतच्या मतदारयादींत आहे, हें दाखविण्याची पाळी लक्षावधि लोकांवर आली. २०१९ मध्यें जी अंतिम यादी प्रसिद्ध झाली, तींतून १९ लक्षांहून अधिक अर्जदार वगळले गेले. त्या यादीच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाहीं. तो विषय वेगळा. एवढें मात्र खरें कीं, गणकानें घाईनें लिहिलेली एका घराची ओळ कोणाच्या तरी नातवंडांना आपली ओळख पटविण्यासाठीं शोधावी लागली. आणि ती सांपडणें किंवा न सांपडणें यावर त्यांचें पुष्कळ कांहीं अवलंबून राहिलें.

आतां हस्तलिखितांच्या संग्राहकांस विनंति. सरकारी पत्रकें गेलीं. परंतु इंग्रजी खानेसुमारीच्या पूर्वींचे आणि तिच्या बाहेरचे घरवार कागद अद्याप आहेत. पुण्याच्या दफ्तरांतील खानेसुमारीच्या यादी सर्वांस ठाऊक आहेत. पुण्याजवळील लोणी गांवाचा डॉ. टॉमस कोट्स यांनीं लिहिलेला वृत्तान्त १८२३ मध्यें मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथांत छापला गेला. त्याच लोणीकंदाची सव्वाशें वर्षांनंतरची स्थिति गो. स. घुर्ये यांनीं १९६० च्या आपल्या पुस्तकांत मांडली. एका गांवाची दोन टोकें अशीं जुळतात, तेव्हांच कुटुंबाच्या इतिहासाबद्दल कांहीं खात्रीचें बोलतां येतें. असे कागद देशमुख, देशपांडे, पाटील आणि कुळकर्णी यांच्या घरच्या रुमालांत सांपडण्याचा संभव आहे. ते सनदांसारखे दिसत नाहींत. त्यांवर शिक्का नसतो, मजकुरांत पराक्रम नसतो. म्हणून निवडतांना ते बाजूला पडतात. अमुक आळींत अमुक घर, माणसें इतकीं, जनावरें इतकीं, एवढाच मजकूर असलेला फाटका बंद पाहून संग्राहक निराश होतो आणि तो वाळवीला सोडतो. आमच्या मतें एखाद्या उपलब्ध सनदेच्या तिसऱ्या नकलेपेक्षां असा बंद अधिक मोलाचा आहे.

तो हातीं आल्यास कांहीं पथ्यें पाळावींत. बंदांचा मूळ क्रम मोडूं नये. कारण घरांचा क्रम हाच आळींचा नकाशा असतो. जातवार किंवा आडनांववार यादी नव्यानें करून मूळ बाजूस टाकूं नये. तसें केल्यास वर सांगितलेल्या चिठ्ठ्यांचाच प्रकार आपल्या हातून होईल. रेघ मारलेलीं नांवें आणि वेगळ्या शाईंतील भर जशीच्या तशी नोंदावी. मेलेला आणि परत आलेला माणूस तेथेंच कळतो. यादी कोणत्या पट्टीसाठीं किंवा कामासाठीं झाली, याचा शोध मथळ्यावरून आणि शेवटच्या बेरजेवरून घ्यावा. आणि छापतांना सर्वांत आधीं एक गोष्ट स्पष्ट सांगावी : त्या कागदांतील ‘घर’ उंबऱ्याचें आहे, चुलीचें आहे, कीं वाटणीचें. हें ठरल्यावांचून सरासरी काढूं नये. आणि ठरवितां येत नसेल, तर माणसें तेवढीं मोजावींत आणि घराची जागा कोरी ठेवावी.